सरकारांच्या पुढे जायचं नाही!

“दोन्ही गाड्या पहिल्या आल्या आणि दोन्ही दुसऱ्याही आल्या! हे झालं तरी कसं?”

भैरवगडच्या रणधीरराजांनी टेबलावर मूठ आपटली. चहाचा कप बशीत उडाला आणि दिवाणजी खुर्चीत.

राजांचं राज्य केव्हाच गेलं होतं, हट्ट तेवढा शिल्लक होता. त्यांना एक लहानशी, चपळ, लाल गाडी घ्यायची होती. एकच! पण ती मिळत होती दोन प्रकारची. एकीत क्लच आपल्या पायाने दाबायचा आणि गिअर आपल्या हाताने टाकायचा. दुसरीत क्लचच दोन. एक चालू गिअर सांभाळतो तोवर दुसरा पुढचा तयार ठेवतो, माणसाने नुसतं बसायचं! राजांनी दोन्ही गाड्या मागवल्या आणि आपला ड्रायव्हर सुभाना याच्याशी शर्यत लावली. सकाळी राजे हाताच्या गिअरची चालवत होते, ती जिंकली. दुपारी गाड्या बदलल्या, तर दोन क्लचवाली जिंकली!

“सकाळी वारा मागून होता, सरकार,” दिवाणजी म्हणाले.

“आणि दुपारी?”

“दुपारीही मागूनच होता. सरकार ज्या गाडीत, तिच्याच मागून वाहतो तो.”

खरं कारण अख्ख्या गावाला ठाऊक होतं. भैरवगडात सरकारांच्या गाडीपुढे कुणी जात नसे. एसटीसुद्धा कडेला थांबायची. मग सुभाना कसा पुढे जाणार? सरकारांची गाडी समोर दिसली की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जाई.

अखेर राजांच्याही ध्यानात आलं. “सुभाना! तू मुद्दाम हरतोस!”

“सरकारांच्या म्होरं कसं जाऊ जी?”

“उद्या तळ्याच्या रस्त्यावर पुन्हा शर्यत! जीव तोडून गाडी पळवायची. रेंगाळलास तर नोकरी गेली! आणि माझी गाडी ओलांडलीस तर रिवाज मोडला म्हणून नोकरी गेली!”

सुभाना तोंड पाडून घरी आला. इकडे आड, तिकडे विहीर! नोकरी गेली की राजवाड्यामागची राहती खोलीही जाणार. त्याची मुलगी मंजुळा दारात सायकलची चेन बसवत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि चक्क हसली.

“आबा, तुम्ही गाडी पळवा. वाटेचं मी बघते. राजवाड्याच्या फाटकाशी पोचलात की रोज करता तेच करायचं.”

“रोज काय करतो मी?”

“ते तितं पोचल्यावर तुमच्या हातालाच कळंल!”

दुसऱ्या दिवशी राजवाड्याच्या फाटकाशी दोन्ही गाड्या उभ्या राहिल्या; राजे हाताच्या गिअरच्या गाडीत, सुभाना दोन क्लचवालीत. रस्ता तळ्याला वळसा घालून पुन्हा फाटकाशीच येत होता. इतक्यात मंजुळा पुढे आली.

“सरकार, आबांच्या गाडीचं तोंड उलटं फिरवू का? तुम्ही तळ्याच्या उजवीकडनं जावा, आबा डावीकडनं येतील. वाट तीच, लांबीबी तीच. कुणी कुणाला वलांडायचा सवालच न्हाई!”

राजांनी मिशीवर बोट फिरवलं. “फिरव!”

गाड्या सुटल्या. सरकारांची गाडी समोर नव्हतीच, मग सुभानाचा पाय कुणाला भिणार? अर्ध्या वाटेवर दोघे समोरासमोर आले, तेव्हा एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्याने त्याने मुजरासुद्धा केला. गिअर टाकायला हात लागतच नव्हता!

राजे फाटकाशी पोचले, तर तिथे सुभाना हजर! सवयीने पुढे होऊन त्याने राजांच्या गाडीचं दार उघडून धरलं. राजे गाडीसारखेच लाल झाले.

“माझ्या पुढे गेलास?”

मंजुळा म्हणाली, “म्होरं कुटं गेले सरकार? वाटेत एकदा तरी तुमची गाडी वलांडली का? ते तुमचं दार उघडाय आले! धनी यायच्या आधी चाकर फाटकाशी नको का?”

हाही भैरवगडचाच रिवाज होता, आणि तो राजांच्या आजोबांनीच घातला होता!

“गाड्या बदला! पुन्हा शर्यत!”

या वेळी दोन क्लचवाल्या गाडीत बसून राजे आधी पोचले. पण दार उघडायला चाकर कुणीच नाही! हॉर्न वाजवला, तर दिवाणजी फराळाला गेलेले. राजे स्वतःच उतरले आणि ताटकळत उभे राहिले. मग सुभाना आला तो खटाखट गिअर टाकत, गाणं गुणगुणत! राजांना त्याचा भयंकर हेवा वाटला.

“ठरलं! दोन क्लचवालीच वेगवान. तीच घेतो,” राजे म्हणाले, पण त्यांचा चेहरा पडला होता. “मंजुळा, खरं सांगू? तिच्यात कुणीतरी मला बसवून नेल्यासारखं वाटलं. मजा त्या गिअरच्या दांड्यात आहे! पण हळू गाडी घेतली तर गाव हसेल. गाव हसणार नाही असं कारण सांग, तरच तुझ्या बापाची नोकरी राहील!”

मंजुळाने क्षणाचाही वेळ घेतला नाही.

“घाई कुणाला असती सरकार? आधी पोचून दार उघडायचं असतंय त्याला! तुम्ही पोचल्याबिगर या गावात नारळसुदीक फुटत न्हाई. मग तुम्ही कशाला पळायचं? वेगाची गाडी चाकराला लागती. धन्यानं आपलं गिअर टाकत मजेत यावं!”

राजे इतके हसले, इतके हसले की फराळ अर्धा टाकून दिवाणजी धावत आले. दोन क्लचवाल्या गाडीची किल्ली राजांनी सुभानाच्या हातावर ठेवली.

“मी एकच गाडी घेणार होतो, एकच घेतली. ही तुझी! नोकरीही पक्की! पण ध्यानात ठेव, निघायचं माझ्या मागून, पोचायचं माझ्या आधी, आणि मला ओलांडायचं नाही!”

सुभानाने घाबरून मुलीकडे पाहिलं.

“घाबरता कशाला आबा?” मंजुळा म्हणाली. “तळं हाय की!”

आणि राजे पुन्हा पोट धरून हसत सुटले.