तेराव्या मडक्याची साक्ष

कुंभारवाड्याचा मडकी भाजायचा आवा दसऱ्याच्या आत नदीपलीकडे हलवा, असा श्रीमंत तुळाजीरावांचा हुकूम सुटला. तो सुटायला कारण मी, हे आधीच कबूल करून टाकतो. पुढे कबूल करण्यासारखं आणखी बरंच आहे.

संस्थान विलीन होऊन दहा वर्षं झाली होती. राज्य गेलं, पण श्रीमंतांचा हट्ट काही खालसा झाला नव्हता. त्यांना नाद लागला विलायती कुंभारकामाचा. विलायतेत त्या काळी चांगले शिकलेसवरलेले लोक स्वतः चाकावर बसून तपकिरी, खडबडीत वाडगे नि सुरया घडवत, बुडाशी आपला शिक्का मारत, आणि शौकीन मंडळी त्यांना तसबिरींचा भाव देत. श्रीमंतांनी तसली भांडी मागवली आणि पारखी म्हणून मला, म्हणजे या केळुसकराला, नेमलं. का, तर मी लंडनच्या एका लिलावघरात चौदा महिने होतो. तिथं काय करत होतो ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. खोक्यांतला पेंढा उपसत होतो!

तर काचमहालात माझी तेरा भांडी मांडलेली, आणि भिंतीपलीकडे कुंभारांचा आवा. आवा पेटला की काजळी थेट भांड्यांवर. पुसून पुसून माझे हात दुखायला लागले, तेव्हा मी श्रीमंतांना गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, की विलायती झिलईला देशी काजळी मानवत नाही. मानवते की नाही ते देव जाणे. पण हुकूम सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारजा कुंभारीण काचमहालात श्रीमंतांपुढे येऊन उभी राहिली. आवा पलीकडे गेला तर कच्ची मडकी बैलगाडीतून नदीपार न्यावी लागतील, निम्मी वाटेतच फुटतील आणि सात घरं उपाशी मरतील, असं तिनं हात जोडून सांगितलं. श्रीमंत विरघळेनात. मग मीच पुढे झालो. या बाईला जरा कला म्हणजे काय ते समजावून द्यावं, अशी मला सुरसुरी आली.

तिला मी माझं लाडकं तेरावं भांडं दाखवलं. काळंभोर, गोल पोटाचं, गळ्याशी एक खड्डा. या खड्ड्यावर मी चार पानी टिपण लिहिलं होतं. हा कलावंताच्या मनातल्या अस्वस्थतेचा ठसा आहे, आणि अशा भांड्याला तीनशे पौंड सहज येतात, असं मी तिला ऐकवलं. त्याच्या बुडाशी शिक्का नव्हता. थोर माणसं सही करत नाहीत, असं मी टिपणात नोंदवलं होतं. लंडनहून आलेल्या यादीत तर बाराच नग होते. तिथल्या कारकुनाला मोजता येत नाही, हा माझा निष्कर्ष.

सारजानं पदर तोंडाला लावला. हसू दाबत म्हणाली, "सरकार, ह्ये तर आमचंच मडकं हाय. माझ्या सासूचा अंगठा वाकडा. थापटताना तिच्या दर मडक्याच्या गळ्याशी असाच खड्डा पडायचा."

माझा तोल गेला. अडाणी म्हणालो, लबाड म्हणालो, आणखीही काहीबाही बोललो. श्रीमंतांनी हात वर करून मला गप्प केलं. त्यांच्या डोळ्यांत जुना संस्थानिक जागा झाला होता.

"सारजा, तुझा शब्द नको, केळुसकरांचाही नको," ते म्हणाले. "हे मडकं कुठलं ते मडक्यानंच सांगायचं. त्याला फोडायचं नाही, खरवडायचं नाही. आज दिवस मावळायच्या आत ते बोललं तर आवा आहे तिथंच राहील. नाही बोललं तर उद्या गाड्या जुंपा."

मी मनात म्हटलं, सुटलो! मडकं कधी बोलतं का? सारजानं मात्र एकच मागणं केलं. तेराही भांडी पाण्यानं भरा आणि सगळे जेवून या.

मी तर श्रीखंड दोनदा मागून घेतलं.

दुपारी आम्ही परतलो. बारा भांडी बाहेरून होती तशी कोरडी ठाक. विलायती भट्टीचा जाळ कडक, शिवाय वरून झिलई, त्यामुळे थेंबभर पाणी बाहेर आलं नव्हतं. तेराव्याच्या काळ्या पोटावर मात्र दंव पडावं तसे थेंब जमले होते, आणि खालच्या मखमलीवर ओला डाग पसरला होता. आपल्याकडचं साधं पाण्याचं मडकं जसं पाझरतं तसं ते पाझरत होतं. खोकी उतरवणाऱ्या हमालांनी पाणी पिऊन ते पेंढ्याशेजारी ठेवलं होतं आणि मी ते मखमलीवर बसवलं होतं, हे त्या घटकेला माझ्या ध्यानात आलं. माझ्या कपाळावरून धार लागली.

"बोललं, सरकार," सारजा म्हणाली. "आपल्या हितल्या दोघांना घाम फुटला बघा. एक ह्ये मडकं, आन् एक ह्ये सायेब."

श्रीमंत हसायला लागले ते थांबेचनात. डोळे पुसत त्यांनी विचारलं, की मग या मडक्याची खरी किंमत लावायची तरी काय?

"नुसतं मडकं घ्याल तर आठ आणे," ती म्हणाली. "सायबांच्या बोलण्यासकट घ्याल तर तीनशे पौंड."

आवा जागेवर राहिला. श्रीमंतांच्या तळ्यातली माती सात घरांना कायमची फुकट झाली, तसा कागद सारजाच्या हातात पडला. मडकं मखमलीवरच ठेवायचं ठरलं आणि त्याखाली सारजाच्या सासूचं, ठकूबाईचं नाव मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं.

माझी नोकरी गेली असं मी धरूनच चाललो होतो. पण श्रीमंतांनी मला काढलं नाही. पारख शिकून या म्हणाले आणि तीन महिने सारजाकडे माती तुडवायला पाठवलं. मुदत संपल्यावर माझ्याबद्दल तिचं मत काय, असं त्यांनी तिलाच विचारलं.

"पाय चांगले हायेत सायबांचे," ती म्हणाली. "डोकं आजून कच्चं हाय, भाजायला लागंल."