शेठ आणि शिवलेली ढेप

एका बाजारगावात एकदा एक शेठ एवढा मोठा झाला, की त्याला शिंक आली तर अर्धं गाव रुमाल शोधायचं. गुळाच्या पेठेत हमाल म्हणून आला, अडत्या झाला, पुढं ओढ्याकाठी कारखाना काढला. विद्यापीठाला अख्खं ग्रंथालय बांधून दिलं. दारावर नाव, अक्षरं माणसाएवढी. त्यातला एक काना निखळला असता, तर खाली दोन प्राध्यापक गेले असते.

त्या विद्यापीठात शालन नावाची बाई रसायनशास्त्र शिकवायची. तिनं ओढ्याचं पाणी तपासलं आणि पेपरात लिहिलं, की कारखान्याच्या पाण्यानं मासे मरतात. कुलगुरूंनी तिला बोलावून घेतलं.

"रविवारी शेठना मानद डॉक्टरेट द्यायचीय. त्याआधी त्यांच्या घरी जाऊन माफी मागा. नाहीतर नोकरी गेली समजा."

घरात कमावती ती एकटीच. घाबरून ती आपल्या म्हाताऱ्या गुरुजींकडं गेली. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं.

"मग जाऊ की माफी मागायला. पण रिकाम्या हातानं नको," असं म्हणून त्यांनी गुळाची एक ढेप गोणपाटात घट्ट शिवली आणि तिच्या स्कूटरवर ठेवली. शालनला वाटलं, म्हातारा चळला.

दोघं शेठच्या दिवाणखान्यात पोचली. छत एवढं उंच, की वर बघताना मान दुखावी. आणि खाली झोपाळ्यावर बंडी घालून बसलेला एक बारकासा माणूस. त्यानं नुसतं बघितलं, तरी तिला पाठ केलेली माफी आठवेना.

गुरुजी मात्र जावयासारखे ऐसपैस बसले. "शेठ, पोरगी माफी मागंल. पण आधी ही ढेप घ्या. एक नंबर गूळ आहे. फक्त फोडून बघायचा नाही."

शेठ हसला. "गुरुजी, चाळीस वर्षं पेठेत काढली. ढेप न फोडता घेणारा अजून जन्माला यायचाय."

"विद्यापीठाचा शिक्का आणून दिला तर?"

"शिक्का मारणाऱ्यानं फोडून बघितली का?"

"कशी बघंल? मालकानं दम दिलाय, सुरी लावाल तर घरी बसाल."

"मग तो शिक्का काय चाटायचाय?" असं म्हणत शेठनं सवयीनं सुरी मागवली. टाके उसवले, ढेप फोडली, खडा जिभेवर ठेवला. गूळ सोन्यासारखा होता.

"अहो, माल तर चांगला आहे," शेठ म्हणाला. "मग फोडू का देत नव्हता?"

"हेच तर तुम्हाला विचारायला आलो होतो."

शेठचा झोपाळा थांबला.

गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "विद्यापीठ म्हणजे गावाची सुरी, शेठ. ते नापास करू शकतं, म्हणून त्याच्या पास म्हणण्याला किंमत. या पोरीनं तुमच्या पाण्याला सुरी लावली. तिला घरी बसवून रविवारी पदवी घ्याल. लोक टाळ्याही वाजवतील. पण शिवलेली ढेप आत कशी आहे, कुणाला ठाऊक? तुम्ही पेठेतला माणूस. तुम्ही तरी असला माल घेतला असता का?"

शेठनं हातातली सुरी पुसून बाजूला ठेवली. मग शालनकडं वळून म्हणाला, "बाई, गुळाची पारख मला आहे, पण कारखान्यातून ओढ्यात काय सोडतात ते मलाही नीट ठाऊक नाही. सोमवारी तुमच्या बाटल्या घेऊन कारखान्यात या. आतल्या नळाचंही पाणी भरून घ्या."

"आणि माफी?" शालननं कसंबसं विचारलं.

"काय निघतं ते बघू. मग कुणी कुणाची मागायची ते ठरवू." त्यानं फोन उचलला आणि कुलगुरूंना सांगितलं, "रविवारचा कार्यक्रम पुढं ढकला. अजून ढेप फोडायची आहे."

पलीकडं कुलगुरूंना काही कळलं नाही. आपल्याला कळलं, तर पुरे.