काजळ्या आणि दहावं अंडं

एक होती कोंबडी. तांबडी तांबडी. ती बसली होती खुडूक. खुडूक म्हणजे? अंड्यांवर बसायचं आणि उठायचंच नाही!

"खुड् खुड् खुडूक! जवळ याल तर टोचीन!"

पण गंमत ऐका. टोपलीतली अंडी तिची नव्हतीच मुळी! ती होती कडकनाथ कोंबडीची. ही कडकनाथ काळीभोर. अंडी घालते नि निघते उंडारायला. उबवायचं नाव नाही! म्हणून कोंबड्या पाळणाऱ्या रुमलीमावशीनं तिची अंडी तांबडीच्या पोटाखाली ठेवली.

पोटाखाली मावतात नऊ. मावशीनं ठेवली दहा!

"बसेल की गं एखादं!" मावशी म्हणाली.

एक दिवस एक अंडं वाजलं. टक टक. टक टक. फट्! बाहेर आलं एवढंसं पिल्लू. चोच काळी. पाय काळे. जीभसुद्धा काळी! त्याचं नाव काजळ्या.

काजळ्या आला नि टोपलीत झाली दाटी. दुसऱ्या दिवशी तांबडी जराशी सरकली. आणि दहावं अंडं?

गड गड गड! टोपलीतून गवतावर. गवतावरून चुलीकडे. चुलीजवळच्या मोठ्या लाकडाखाली. गेलं की हो!

"अगं बाई, माझं अंडं!" तांबडी रडकुंडीला आली. "मी उठले तर ही आठ गार पडतील. नाही उठले तर ते एक गार पडेल. त्यात पिल्लू आहे रे!"

"रडू नको आई. मी आणतो," काजळ्या म्हणाला. कालचं पिल्लू, पण ऐट बघा!

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. काजळ्या गेला अंगणात. रुमलीमावशी ज्वारी राखत बसली होती.

"मावशी, मावशी, लाकूड उचल!

अंडं मिळेना,
अंडं गार पडेल, चिव चिव चिव!"

"मी कशी उठू, बाळा? ती बघ बकरी. मी उठले की ज्वारी फस्त! बकरी हलली तर मी उठेन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. काजळ्या गेला बकरीकडे.

"बकरीबाई, बकरीबाई, इथून हल!

मावशी उठेना,
अंडं मिळेना,
अंडं गार पडेल, चिव चिव चिव!"

"बें! मी नाही जा! मला बोरीचा पाला हवा. तो केवढा उंच! बोर वाकली तर मी हलेन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. काजळ्या गेला बोरीकडे.

"बोरीमावशी, बोरीमावशी, खाली वाक!

बकरी हलेना,
मावशी उठेना,
अंडं मिळेना,
अंडं गार पडेल, चिव चिव चिव!"

"मी आपली आपण कशी वाकू रे? वारा वाहिला तर मी वाकेन."

वारा कुठे होता? छपरावर. घोरत होता. घुर्रर्र फुस्! घुर्रर्र फुस्!

"वारूमामा, वारूमामा, जोरात वाहा!

बोर वाकेना,
बकरी हलेना,
मावशी उठेना,
अंडं मिळेना,
अंडं गार पडेल, चिव चिव चिव!"

वाऱ्यानं एक डोळा उघडला. "आज कोंबडा आरवलाच नाही. मी उठू कसा? कोंबडा आरवला तर मी वाहीन." घुर्रर्र फुस्! झोपला परत.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. काजळ्या गेला कोंबड्याकडे. केवढा मोठा कोंबडा! काळा तुरा, काळी शेपूट. पण बिचारा नुसता खाजवत होता. खस खस खस!

"आबा, आबा, मोठ्यानं आरवा!

वारा वाहेना,
बोर वाकेना,
बकरी हलेना,
मावशी उठेना,
अंडं मिळेना,
अंडं गार पडेल, चिव चिव चिव!"

"आरवू कसा, लेका? पिसांत उवा झाल्यात. चावून चावून जीव खाल्ला! राखेत लोळलो की पळतील. राख मिळाली तर मी आरवेन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. काजळ्या गेला चुलीकडे. चूल होती विझलेली. राख होती कोमट.

"राखूबाई, राखूबाई, बाहेर ये!

कोंबडा आरवेना,
वारा वाहेना,
बोर वाकेना,
बकरी हलेना,
मावशी उठेना,
अंडं मिळेना,
अंडं गार पडेल, चिव चिव चिव!"

"मला काय पाय आहेत?" राख म्हणाली. "मला बाहेर काढते रुमलीमावशी."

"पण मावशी उठतच नाही!" काजळ्याला रडूच फुटलं. "कुणीच काही करत नाही! आता माझ्या भावंडाचं काय होणार?"

"अरे वेड्या," राख म्हणाली, "मला पाय नाहीत. तुला आहेत ना? कोंबडीचे पाय कशासाठी असतात?"

काजळ्यानं पाय पाहिले. इवलेसे. काळे काळे. एक पाय मागे ओढला. खुर्र! दुसरा ओढला. खुर्र! अय्या, राख उडाली!

खुर्र खुर्र! खुर्र खुर्र! दारात राखेचा ढीग!

मग काय!

राखेत कोंबडा लोळला, फड फड फड!
कोंबडा आरवला, कुकूच कू!
वारा वाहिला, सूं सूं सूं!
बोर वाकली, सळ सळ सळ!
बकरी हलली, टप टप टप!
मावशी उठली, लगबग लगबग!
लाकूड उचललं, हय्या रे हय्या!

आणि अंडं? अंडं मिळालं! मावशीनं गालाला लावलं.

"कोमट आहे गं बाई! चुलीजवळ होतं म्हणून वाचलं." मग कानाला लावलं. आतून आवाज आला. टक टक!

"चुकलंच माझं," मावशी म्हणाली. "नऊ म्हणजे नऊ! पुन्हा नाही हो दहा ठेवायची." आणि तिनं अंडं तांबडीच्या पोटाखाली सरकवलं.

मागून काजळ्या आला. टुणुक टुणुक.

"खुडूक!" तांबडी ओरडली. "हे राखाडी पिल्लू कुणाचं? पळ, नाहीतर टोचीन!"

"आई, मी!" काजळ्यानं अंग झटकलं. फुर्र! राख उडाली. आत काजळ्या! काळा काळा!

"माझा सोन्या तो!" तांबडीनं त्याला पंखाखाली घेतलं. तिथं होतं ऊबदार ऊबदार.

टक टक. टक टक. फट्! दहावं अंडं फुटलं. इवलीशी काळी चोच बाहेर आली.

"आई, हा कोण?" नवं पिल्लू म्हणालं.

"हा तुझा दादा," तांबडी म्हणाली. "एका दिवसानं मोठा. पण दादा म्हणजे दादा!"

पिल्लं निजली पंखाखाली,
गोष्ट निजली उशीखाली.