पारवीचा डोंगर

नदीकाठी पहिल्यांदा वीटभट्टी पेटली, त्या काळातली ही गोष्ट. भट्टीशेजारच्या चिंचेवर पारवा-पारवीचं जोडपं राहत होतं. मजुरांच्या भाकरीचे तुकडे मिळत, थंडीत भट्टीची ऊब घरट्यापर्यंत येई. पारवा खूश होता.

पारवीचा जन्म मात्र पलीकडच्या डोंगरावरचा. "अहो, धुराचा वास पंखांतून जात नाही. डोंगरावर जाऊ या ना," ती म्हणे.

"धुराने कुणी मेलंय का, अगं? पुढच्या हंगामात बघू," पारवा म्हणे. असे कितीतरी हंगाम गेले.

मग एका हंगामात, घरट्यात पिलं असतानाच, पारवी दमू लागली. जरा खरचटलं तरी रक्त थांबेना. म्हाताऱ्या घुबडाने तिला तपासलं. "हिचं रक्त बिघडलंय," ते म्हणालं. "धुरानेच, असं छातीठोकपणे मी सांगणार नाही. पण घेतलेला श्वास शेवटी रक्तातच उतरतो, आणि हिने वर्षानुवर्षं हाच श्वास घेतलाय."

"चल, आत्ताच निघू," पारवा कळवळून म्हणाला. पारवीने पंख पसरले, पण तिला चिंचेचा शेंडाही गाठता येईना.

"तुम्ही पिलांना तिकडे न्या," ती म्हणाली. "तिथला वारा कसा लागतो, ते मला येऊन सांगा."

पिलांना डोंगरावर पोचवून पारवा परतला. मग रोज तिकडे फेरी मारून आल्यावर संध्याकाळी तिच्याशेजारी बसून तो सांगे, करवंदी फुलल्यात, पिलं झऱ्यावर उतरायला शिकलीत. पारवी डोळे मिटून ऐके आणि म्हणे, "अजून सांगा ना."

एका संध्याकाळी ती काहीच म्हणाली नाही. पारवा तरी सांगत राहिला.