भिजवलेला गोटा

भंडाऱ्याकडच्या मँगनीजच्या खाणीत फुलवंताबाई तीस वर्षं दगड तळहातावर तोलून खनिज निवडत आली होती. मग दगड वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर कॅमेरा बसला, आणि एके सकाळी पुण्याहून खानोलकर साहेब पडद्यावर येऊन म्हणाले, "उद्यापासून निवडायला बाया नकोत. मला इथूनच सगळं दिसतं."

बाईने एक काळा गोटा कॅमेऱ्यापुढे धरला.

"पहिल्या प्रतीचं खनिज!" साहेब लगेच बोलले.

"साधा गोटा हाये, साहेब. पाण्यात बुडवून काळा केला. हातात घेतला असता तं हलका लागला असता."

साहेबांच्या कपाळावर आठी पडली.

"राग नोका मानू," बाई हळूच म्हणाली. "माहा पोरगाबी पुण्यातच हाये. चार वर्षं झाली, घरी आला नाई; रोज फोनवर मले पाहते अन् म्हणते, माय, तू मजेत दिसतेस."