होडीचं वजन

"ताशी तीस सागरी मैल धावली ना तुझी बोट? मग त्या दिवशी तिच्यावर होतं तरी कोण?" मुळा सोलता सोलता गेन्शू गुरुजींनी विचारलं.

तेइजी खुशीत हसला. आरमाराच्या गोदीत विनाशिकांचे आराखडे काढणारा माणूस तो. नमुना इंग्रजांचा, पण बोट जपानी हातांनी बांधलेली. लांबडी, अंगानं पातळ, नाक कासवाच्या पाठीसारखं उतरतं. आज नव्या बोटीचा आराखडा काखोटीला मारून तो टेकडीवरच्या मठात आला होता. तिचं नाव गुरुजींच्याच हातून लिहून हवं होतं.

"चाचणीचा दिवस होता, गुरुजी. खलाशी निम्मेच. तोफगोळे धक्क्यावर काढून ठेवलेले. कोळसा जेमतेम, तोही निवडून घेतलेला."

"लहानपणी मठाच्या पायऱ्या तूच सगळ्यांच्या आधी चढायचास," गुरुजी म्हणाले. "पाण्याची बादली रिकामी ठेवून."

तेइजीचे कान लाल झाले.

"आणि रशियाशी जुंपली तेव्हा?"

"भरलेली बोट... पंचवीसच्या वर कधी गेलीच नाही. हिवाळाभर शत्रूच्या बंदराबाहेर पहारा, लाटा डोक्यावरून जायच्या. एकदा तर आठाच्या चालीनं परत आली. सगळ्यांच्या मागून. तोंड लपवावंसं वाटलं मला."

"आठानं का रे?"

"जोडीची बोट पाणसुरुंगावर गेली. हिनं आपली छोटी होडी पाण्यात उतरवून बुडणारे उचलले. चाळीस माणसं जास्तीची, त्यात बॉयलर गळका..."

त्यानं घाईघाईनं आराखडा उलगडला. "आता तसं नाही. ही एक मैल जास्त धावेल."

गुरुजींचं ओलं बोट कागदावरून फिरत फिरत मधेच थांबलं.

"इथली होडी?"

"वजन होतं, गुरुजी. काढून टाकली."

आत तोंड करून गुरुजींनी हाक मारली, "कुमाझो, आपला तेइजी आलाय रे. चहा ठेव."

"ठेवतो, ठेवतो!" आतून घोगरा आवाज आला.

"नवीन कोणी ठेवलाय?"

"तुझ्याच लढाईतला. त्या जोडीच्या बोटीवर भट्टीत कोळसा टाकायचा. चहा भिकार करतो. मी पितो."



तेइजीनं खिशातून पेन्सिल काढली आणि जुन्या बोटीवर होडी होती तिथं पुन्हा होडी रेखाटली.

गुरुजी शाई उगाळायला बसले.

"एक मैल गेला, गुरुजी," तेइजी पुटपुटला.

सरकता दरवाजा कुरकुरला. हातातलं तबक सांभाळत, निम्मा चहा सांडत कुमाझो लंगडत येत होता.

"गेला कुठं?" गुरुजी म्हणाले. "तो काय, चहा घेऊन येतोय."