टॅमसिनने समुद्रात खणलेली विहीर

तीनशे वर्षं झाली असतील, कदाचित जास्तच. इंग्लंडच्या पार नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर पोर्थवेरिन नावाचं कोळ्यांचं गाव होतं. आजही आहे. काळ्या दगडाची घरं, मागे डोंगर, पुढे समुद्र. त्या गावात टॅमसिन नावाची बाई राहायची. विहिरी खणणं हा तिच्या बापाचा धंदा, आणि बापामागे तो तिने उचलला. जमिनीला कान लावला की खालचं पाणी तिला ऐकू यायचं, असं म्हणतात.

गावाला पाणी एका ओढ्याचं. ओढा डोंगरावरून यायचा आणि त्याच्याच झिरप्याने गावची विहीर भरायची. डोंगरावर हवेली होती आणि हवेलीत सर जॉसलिन राहायचा, सगळ्या जमिनीचा मालक. एका वसंतात त्याच्या मनात आलं, आपल्या खिडकीतून तळं दिसावं, तळ्यात हंस पोहावेत. त्याने ओढ्याला बांध घातला. तळं भरलं. खाली गावाची विहीर आटली आणि तळाशी उरलेल्या पाण्यात समुद्राचा खार शिरला.

लोक तेच पाणी गाळून, उकळून प्यायले. मोठी माणसं आजारी पडली आणि उठली. टॅमसिनच्या बहिणीची मुलगी मेरीन चार वर्षांची होती, ती उठली नाही.

टॅमसिन रडली नाही. रडणाऱ्या बाईच्या पाठीवरून हात फिरवून लोक तिला घरी बसवतात, हे तिला ठाऊक होतं. मेरीनला माती दिली आणि ती तशीच, खांद्यावर फावडं घेऊन, डोंगर चढून हवेलीवर गेली.

सर जॉसलिन पाहुण्यांना हंस दाखवत होता.

"मालक, बांध फोडा," टॅमसिन म्हणाली. "खाली पोरं मरतायत."

"पाणी हवंय तुम्हाला?" तो म्हणाला. "दारात एवढा समुद्र पडलाय की!"

पाहुणे हसले. एक बाई तर हातातल्या पंख्याआड तोंड लपवून हसली.

टॅमसिनने एकेकाचं तोंड नीट पाहून घेतलं. मग म्हणाली, "बरं. समुद्रातूनच काढते."

ती परत आली ती थेट वाळूवर. ओहोटी होती. भरतीला जिथे दोन पुरुष उंच पाणी चढतं, तिथे तिने पहिलं फावडं मारलं.

गावचा पाद्री धावत आला. "अगं टॅमसिन, समुद्रात कुठे विहीर असते? दुःखाने तुझं डोकं फिरलंय."

"दुःखाने नाही, रागाने," ती म्हणाली. "वरचा ओढा त्याने अडवला. खालच्या खडकातलं पाणी त्याच्या बापाचं नाही. बाजूला व्हा."

संध्याकाळी भरती आली. टॅमसिन खड्ड्यातून बाहेर आली नाही. कमरेवर हात ठेवून ती समुद्राकडे बघत उभी राहिली आणि तिने त्याला अशी शिवी हासडली की पाद्रीने कान झाकले. आणि लाट थांबली. खड्ड्याभोवती हातभर जागा सोडून पाणी भिंतीसारखं उभं राहिलं, असं म्हणतात.

ते बघून आधी तिची बहीण लव्हडे पुढे आली. तिने आपल्या घराचं दार बिजागरीतून काढलं, पाठीवर वाहून आणलं आणि खड्ड्याच्या कडेला वाळूत रोवलं. तिच्यामागून दुसरी बाई आली, मग तिसरी. दोन दिवसांत गावातल्या एकाही घराला दार उरलं नाही. सगळी दारं समुद्राला पाठ देऊन उभी होती आणि आत एक बाई खणत होती.

सातव्या दिवशी फावडं खडकाला लागलं. तिने पहार मागितली. पहिला घाव घातला आणि ओरडली, "मेरीन!" दुसरा घातला, "मेरीन!" तिसऱ्या घावाला खडक फाटला आणि पाणी उसळलं. लव्हडेने ओंजळ भरली, चाखली आणि मटकन वाळूत बसली. पाणी गोड होतं.

त्याच घटकेला वर हवेलीचं तळं आटलं. मासे चिखलात तडफडू लागले आणि हंस एकामागून एक, पायी चालत, डोंगर उतरून गावात आले, असं म्हणतात.

तीन दिवसांनी सर जॉसलिनही आला. त्याच्या घरच्या विहिरीही कोरड्या पडल्या होत्या. नोकराच्या हाती घडा होता.

"नोकर नको," टॅमसिन म्हणाली. "शिडी आहे. आम्ही उतरतो तसं उतरा."

तो रेशमी मोजे चिखलात घालून उतरला. वर आला तेव्हा धापा टाकत होता. "झालं ते झालं," तो म्हणाला. "मला माफ कर."

"पाणी घेऊन जा," ती म्हणाली. "पाणी कोणालाही मिळेल. माफी नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने बांध फोडला. आटलेल्या ओढ्याला पुन्हा पाणी आलं, पण टॅमसिन मरेपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. ती मरायला टेकली तेव्हा पाद्रीने विचारलं, "आता तरी राग सोडशील?" ती म्हणाली, "सोडते. गावाकडे सोडून जाते."

गावाने तो सांभाळला आहे. आता पोर्थवेरिनला प्रवासी येतात, फोटो काढतात, चहाबरोबर साय आणि मुरंबा खातात. पण सप्टेंबरातल्या सर्वांत मोठ्या ओहोटीला भर दुपारी दुकानं बंद होतात आणि गाव फावडी घेऊन वाळूवर जातं. वर्षभरात वाळूने बुजलेली विहीर उपसतात. पाणी लागलं की ज्याच्या मनात वर्षभर काही खदखदत असेल त्याने काठावर उभं राहून मोठ्याने बोलायचं. मधे कोणी बोलायचं नाही, समजूत घालायची नाही, आणि बोलणं संपेपर्यंत जागा सोडायची नाही. याला तिथे 'टॅमसिनचं ऐकणं' म्हणतात.

गेल्या वर्षी ऑनर नावाची म्हातारी उभी राहिली. तिने आयुष्यभर त्या गावात टपाल वाटलं होतं. "प्रत्येक दाराशी मला माणूस भेटायचा," ती म्हणाली. "आता हिवाळ्यात अर्ध्या घरांत दिवा लागत नाही. तुम्ही ती सुट्टीसाठी घेऊन ठेवलीत. माझी नात पोटुशी आहे, आणि तिला या गावात एक खोली मिळत नाही."

ज्यांची ती घरं होती, तेही गर्दीत होते. भरती फिरली होती. पाणी बुटांत शिरलं, मग गुडघ्यांपर्यंत चढलं. म्हातारी एकेका घराचं नाव घेत होती, आणि कोणीही जागचं हललं नाही.